बेडपॅनमध्ये पिकलं औषध!

तुमच्या घरी कधी असं झालंय का? आजीनं लोणच्याची बरणी उघडली, आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कोणी ओला चमचा घातला रे यात? सगळ्या लोणच्याला बुरशी धरली!" मग चौकशी सुरू होते. दादा ताईकडे बघतो, ताई बाबांकडे बघते, आणि बाबा वर्तमानपत्रात डोकं खुपसतात!

आजीच्या दृष्टीनं बुरशी म्हणजे शत्रू. लोणचं, पाव, लिंबू, सगळ्याची नासाडी करणारी. पण याच बुरशीच्या भाऊबंदांपैकी एकीनं आजवर कोट्यवधी माणसांचे प्राण वाचवले आहेत. तिच्यापासून मिळालेल्या औषधाचं नाव तुम्ही नक्की ऐकलं असणार. पेनिसिलिन!

"पेनिसिलिनचा शोध कोणी लावला?" एका मार्काचा प्रश्न. उत्तर : अलेक्झांडर फ्लेमिंग, १९२८. अगदी बरोबर. मार्कही मिळतो. पण गंमत बघा, १९२८ मध्ये शोध लागला आणि रोग्याला टोचता येईल असं शुद्ध औषध मिळायला १९४१ साल उजाडलं. मधली बारा-तेरा वर्षं कुठे गेली? आणि शेवटी ते औषध बनवलं तरी कोणी? ही गोष्ट त्या एका मार्कात मावत नाही. ती घडली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठात, आणि तिचा नायक कोणी एक माणूस नाही. ती एका चमूची गोष्ट आहे.

फ्लेमिंगची बशी

आधी थोडं लंडनला जाऊन येऊ. तिथल्या सेंट मेरी रुग्णालयात फ्लेमिंग जंतूंवर संशोधन करत होता. काचेच्या चपट्या बश्यांमध्ये तो पू करणारे जंतू वाढवत असे. १९२८ च्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर गेला. जाताना काही बश्या टेबलावर तशाच राहिल्या. सप्टेंबरमध्ये परत येऊन पाहतो तर एका बशीत बुरशी उगवलेली. आता यात नवल ते काय? नवल असं, की त्या बुरशीच्या आसपासचे जंतू चक्क विरघळून गेले होते!

बुरशी कुठला तरी जंतुनाशक रस सोडत होती. तिचं शास्त्रीय नाव पेनिसिलियम, म्हणून फ्लेमिंगनं त्या रसाला नाव दिलं पेनिसिलिन. १९२९ मध्ये त्यानं हे लिहून प्रसिद्धही केलं. पण तो रस होता फार नाजूक. शुद्ध करायला जावं तर त्याचा गुणच नाहीसा व्हायचा. फ्लेमिंग जंतुशास्त्रज्ञ होता, रसायनशास्त्रज्ञ नव्हता. शेवटी तो दुसऱ्या कामांकडे वळला. मात्र एक चांगलं काम त्यानं केलं. ती बुरशी त्यानं जिवंत ठेवली, आणि जो मागेल त्याला तिचा नमुना दिला.

तीन तऱ्हेची तीन माणसं

आता चला ऑक्सफर्डला. तिथे सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजी नावाचा विद्यापीठाचा एक विभाग होता. १९३५ मध्ये हॉवर्ड फ्लोरी त्याचा प्रमुख झाला. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कमी बोलणारा आणि कामाला वाघ. त्यानं ठरवलं, एकाच विषयाची माणसं घेऊन बसायचं नाही. डॉक्टर, जंतुशास्त्रज्ञ, जीवरसायनशास्त्रज्ञ, सगळ्यांना एका छपराखाली आणायचं.

अर्न्स्ट चेन हा त्यांतलाच एक. बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू तरुण. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि चेन देश सोडून इंग्लंडला आला. रसायनशास्त्रात हुशार, पियानो वाजवण्यात पटाईत आणि स्वभावानं तापट. १९३८ मध्ये वाचनालयात जुने शोधनिबंध चाळताना फ्लेमिंगचा तो नऊ वर्षांपूर्वीचा लेख त्याच्या हाती लागला. ही बुरशी आता आणायची कुठून? चौकशी केली तर फ्लेमिंगच्या बुरशीचा नमुना त्याच इमारतीत कोणीतरी पूर्वीपासून वाढवत होतं! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

तिसरा माणूस नॉर्मन हीटली. विशीतला लाजाळू जीवरसायनशास्त्रज्ञ. याच्या बोटांत जादू होती. काचेची नळी वाकवायची असो, सुतारकाम असो, विजेची जोडणी असो, हीटलीला सगळं येई. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये तो संशोधनासाठी डेन्मार्कला निघाला होता. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि त्याचं जाणं रद्द झालं. तो ऑक्सफर्डलाच राहिला. मित्रांनो, तो राहिला म्हणून ही गोष्ट पुढे सरकली.

आता खरी अडचण सांगतो. चेन आणि हीटली यांचं आपसांत पटत नसे! तुमच्या वर्गात प्रकल्पासाठी गट पाडले, की "बाई, मला याच्याबरोबर नको" असं कोणीतरी म्हणतंच ना? तसंच. फ्लोरीनं यावर साधा तोडगा काढला. हीटलीनं चेनच्या हाताखाली काम न करता थेट फ्लोरीला कामाचा हिशेब द्यायचा. भांडण बाजूला राहिलं, काम सुरू झालं.

जुनं कपाट आणि दारावरची घंटा

पैशांची तर बोंबच होती. युद्धाच्या दिवसांत सरकारी वैद्यक संशोधन मंडळानं सुरुवातीला दिले फक्त २५ पौंड. पुढे अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशननं मदत केली, तेव्हा जरा हायसं वाटलं.

पहिला प्रश्न : बुरशीच्या पिवळ्या पाण्यातून तो नाजूक रस बाहेर कसा काढायचा? हीटलीनं एक युक्ती सुचवली. ते पाणी थंड करून आंबट, म्हणजे आम्लधर्मी करायचं आणि इथर नावाच्या द्रवाबरोबर हलवायचं. तेल आणि पाणी जसे वेगळे राहतात तसं इथर पाण्यापासून वेगळं राहतं. पेनिसिलिन मात्र पाणी सोडून इथरमध्ये जातं. घाण मागे राहते. इथपर्यंत इतरांनाही माहीत होतं. पण इथरमधून ते परत काढायला जावं तर त्याचा नाश व्हायचा. हीटली म्हणाला, तेच इथर आता किंचित अल्कधर्मी पाण्याबरोबर हलवून बघू. पेनिसिलिन गेलं तसं परत पाण्यात येईल! इतकी सोपी गोष्ट चालेल असं कोणाला वाटेना. हीटलीनं करून पाहिली आणि ती चालली.

मग त्यानं हे काम आपोआप करणारं यंत्रच उभारलं. सामान काय? काचेच्या नळ्या, रबरी नळ्या, बाटल्या, विद्यापीठाच्या प्रसिद्ध बोडलियन ग्रंथालयानं टाकून दिलेलं एक पुस्तकांचं कपाट आणि दारावरची एक घंटा! बाटली बदलायची वेळ झाली, की घंटा वाजायची. भंगारवाल्यालाही नको वाटेल असं ते यंत्र औषध गाळू लागलं. शेवटी चेननं ते पाणी गोठवून वाळवलं आणि चिमूटभर तपकिरी भुकटी हाती आली.

आठ उंदरांची रात्र

२५ मे १९४०, शनिवार. सकाळी अकरा वाजता आठ पांढऱ्या उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. तासाभरानं त्यांतल्या चार उंदरांना पेनिसिलिन दिलं. उरलेल्या चारांना काहीच नाही. असं का? औषध न दिलेले उंदीर तुलनेसाठी हवेत. नाहीतर फरक औषधामुळे पडला की आपोआप, हे कळणार कसं?

हीटली रात्रभर पिंजऱ्यांपाशी बसून राहिला. बाहेर युद्धामुळे दिवे बंद, सगळीकडे मिट्ट काळोख. पहाटे साडेतीनच्या सुमारास औषध न मिळालेला शेवटचा उंदीरही मेला. औषध मिळालेले चारही जिवंत होते!

पण त्याच सुमारास समुद्रापलीकडे जर्मन फौजांनी इंग्रज सैन्याला डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडीत पकडलं होतं. उद्या जर्मन इंग्लंडमध्ये घुसले तर? सगळं संशोधन नष्ट करावं लागलं असतं. मग या शास्त्रज्ञांनी काय केलं असेल? बुरशीचे बीजाणू त्यांनी आपापल्या कोटांच्या अस्तराला चोळून ठेवले! बीजाणू म्हणजे बुरशीचं बियाणं. ते कोरड्या कापडावर बराच काळ टिकतं. चमूतला एक जरी माणूस निसटला, तरी त्याच्या कोटातून बुरशी पुन्हा वाढवता आली असती.

२४ ऑगस्ट १९४० ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला. त्यावर सात जणांची नावं होती : चेन, फ्लोरी, गार्डनर, हीटली, जेनिंग्ज, ऑर-यूइंग, सँडर्स. क्रम नीट बघा. इंग्रजी वर्णमालेप्रमाणे आहे. प्रमुखाचं नाव आधी, असं काही नाही. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

बेडपॅनची शेती

उंदीर वाचले. पण माणूस उंदराच्या कितीतरी हजारपट जड! तेवढं औषध आणायचं कुठून? ही बुरशी वाढायची पाण्याच्या पृष्ठभागावर, सायीसारखी. म्हणजे भांडी पसरट हवीत, आणि खूप हवीत. युद्धात नवी भांडी कोण देणार? मग बिस्किटांचे डबे, दुधाचे कॅन, जेवणाच्या थाळ्या, न्हाणीघरातला टब, जे मिळेल त्यात बुरशी लावली. आणि सगळ्यांत उत्तम भांडं कोणतं ठरलं? रुग्णालयात आजाऱ्याला अंथरुणातच देतात ते बेडपॅन! हसताय ना? हसा. पण पसरट, झाकलेलं, हाताळायला सोपं, असं दुसरं भांडं नव्हतं.

हीटलीनं त्याच धर्तीवर एक चिनी मातीचं भांडं कागदावर काढलं. एकावर एक रचता येईल असं. बर्स्लेम गावच्या कुंभारांनी ते बनवून दिलं. २३ डिसेंबर १९४० ला हीटली मागून आणलेल्या गाडीतून पहिली १७४ भांडी स्वतः घेऊन आला. धुऊन, निर्जंतुक करून, नाताळच्या दिवशी त्यांत बुरशी पेरलीसुद्धा! सणाची सुट्टी वगैरे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. या भांड्यांची निगा राखायला सहा तरुण मुली नेमल्या. त्यांना सगळे 'पेनिसिलिन गर्ल्स' म्हणत. बुरशी पेरणं, खालचं पाणी काढून घेणं, नवं पाणी भरणं, दिवसभर हेच. विद्यापीठाच्या खोल्यांचा जणू कारखाना झाला.

पाच दिवसांचा चमत्कार

ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई मरणाच्या दारात होता. चेहऱ्यावरची छोटीशी जखम चिघळली होती. गुलाबाचा काटा लागला अशी गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. तो बॉम्बहल्ल्यात जखमी झाला होता, असं त्याच्या मुलीनं पुढे सांगितलं. जंतू रक्तात पसरले होते, एक डोळा गेला होता.

१२ फेब्रुवारी १९४१ ला त्याला पेनिसिलिन द्यायला सुरुवात झाली. एका दिवसात ताप उतरू लागला. तो जेवू लागला. डॉक्टरांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. पण साठा तो केवढा! पेनिसिलिन लघवीवाटे शरीराबाहेर जातं. म्हणून शिपायाची लघवी गोळा करून सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पेनिसिलिन परत गाळायचं आणि पुन्हा त्यालाच टोचायचं, असं चाललं होतं. तरी पाचव्या दिवशी औषध संपलं. शेवटचा कण संपला. काही दिवस तो तसाच राहिला, मग जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली. १५ मार्चला तो शिपाई गेला.

औषध हरलं नव्हतं, कमी पडलं होतं. चमूला हे फार लागलं. यापुढे अर्ध्यावर औषध संपू द्यायचं नाही, असं ठरलं. म्हणून पुढचे रुग्ण त्यांनी मुद्दाम लहान मुलांमधून निवडले. कारण लहान शरीराला औषध कमी लागतं. तुमच्याच वयाची मुलं होती ती! प्रत्येक वेळी जंतूंनी माघार घेतली. पुढे अधिक रुग्णांवर औषध देऊन पाहण्याच्या कामात फ्लोरीची डॉक्टर पत्नी एथेल हिचा मोठा वाटा होता.

खरबूज आणि भली मोठी रवी

बेडपॅनच्या जोरावर अख्ख्या जगाला औषध पुरवता येणार नव्हतं. इंग्लंडच्या कारखान्यांवर बॉम्ब पडत होते. १९४१ च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन विमानानं अमेरिकेला गेले. पिओरिया गावात शेतीखात्याची मोठी प्रयोगशाळा होती. तिथे अँड्र्यू मॉयर या शास्त्रज्ञाबरोबर हीटली कामाला लागला. मक्यापासून स्टार्च काढताना मका भिजवलेलं चिकट पाणी उरतं. मॉयरनं बुरशीला ते पाजलं आणि पेनिसिलिन कित्येक पटींनी वाढलं!

पुढचा प्रश्न होता जागेचा. पृष्ठभागाऐवजी मोठ्या टाकीत खोलवर बुरशी वाढवली तर? पण बुरशीला हवा लागते. मग टाकीत खालून शुद्ध हवा सोडायची आणि ताक घुसळावं तसं भल्या मोठ्या रवीनं सतत ढवळत राहायचं. यासाठी ऑक्सफर्डची बुरशी फारशी चांगली ठरेना. नव्या बुरशीचा शोध सुरू झाला. देशोदेशींची माती तपासली. शेवटी १९४३ मध्ये उत्तम बुरशी सापडली कुठे? पिओरियाच्याच बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर! कार्नेगी संस्थेनं तिच्यावर क्ष-किरण सोडले, विस्कॉन्सिन विद्यापीठानं अतिनील किरण सोडले, आणि त्यातून अधिकाधिक पेनिसिलिन देणारे वाण निवडले. शेतकरी चांगलं बियाणं निवडतो ना, अगदी तसं.

जीवांकडून असं उपयोगी काम करून घेण्याच्या शास्त्राला आपण जैवतंत्रज्ञान म्हणतो. आई विरजण लावते तेही तेच! फक्त इथे पातेल्याच्या जागी हजारो लिटरची टाकी आली.

मार्च १९४२ मध्ये अमेरिकेत ॲन मिलर ही स्त्री पेनिसिलिनमुळे मरता मरता वाचली. तिच्या एकटीसाठी त्या देशातला निम्मा साठा लागला! आणि जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा जखमींसाठी पेनिसिलिनच्या लाखो मात्रा तयार होत्या. दोन वर्षांत केवढा फरक! ॲन मिलर मात्र १९९९ पर्यंत, वयाच्या नव्वदीपर्यंत जगली.

बक्षीस कोणाला?

१९४५ चं नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. नोबेल जास्तीत जास्त तिघांत वाटतात. हीटलीचं नाव त्यात नव्हतं. पिओरियातल्या कामाचा लेखही मॉयरनं हीटलीचं नाव वगळून छापला. ज्या ऑक्सफर्डनं पहिल्या लेखावर सात नावं वर्णमालेनं छापली, तिथल्याच माणसाच्या वाट्याला हे आलं.

पण विद्यापीठ विसरलं नाही. १९९० मध्ये ऑक्सफर्डनं हीटलीला 'डॉक्टर ऑफ मेडिसिन' ही सन्माननीय पदवी दिली. जो स्वतः डॉक्टर नाही अशा माणसाला हा मान देण्याची विद्यापीठाच्या सुमारे आठशे वर्षांच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ! तेव्हा हीटली ७९ वर्षांचा होता. २००४ मध्ये तो वारला.

फ्लेमिंगनं नोबेलच्या भाषणातच एक धोका सांगून ठेवला होता. औषध अपुरं घेतलं तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तो धोका आज खरा ठरला आहे. म्हणून आईबाबांनाही सांगा : डॉक्टरांनी दिल्याशिवाय अशी औषधं घ्यायची नाहीत, आणि दिली तर "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनानं मध्येच सोडायची नाहीत. सर्दी-पडशाच्या विषाणूंवर तर ती चालतच नाहीत.

पिंपरीची टाकी

या गोष्टीचं एक टोक आपल्या अंगणातही आहे बरं का! स्वतंत्र भारताला पेनिसिलिन परदेशातून विकत घ्यावं लागे. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९५५ पासून तिथल्या टाक्यांत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. लंडनची बशी, ऑक्सफर्डचं बेडपॅन, पिओरियाचं खरबूज आणि पिंपरीची टाकी. केवढा हा प्रवास!

तेव्हा परीक्षेत "पेनिसिलिनचा शोध कोणी लावला?" असं विचारलं, तर "अलेक्झांडर फ्लेमिंग" असंच लिहा. एक मार्क सोडू नका. पण पुढच्या वेळी वर्गात गटानं प्रकल्प कराल, तेव्हा पहिल्या पानावर नावं लिहिताना जरा थांबा. पुठ्ठा कापणारा, डिंक लावणारा, रात्री जागून चित्रं रंगवणारा, सगळ्यांची नावं आली ना, ते बघा. आणि कोणाचं नाव आधी यावरून भांडण झालंच, तर वर्णमाला आहेच की!